जुनं नवाहो कडं कसं पारखावं, कसं घालावं, कसं सांभाळावं

दगडाकडे बघायच्या आधी कडं उलटं करा. अमेरिकेतल्या नवाहो या मूलनिवासी जमातीच्या चांदीच्या कड्यावरचा फिरोजा इतका लक्ष वेधून घेतो की विकणारा त्याच्याच खाणीची गोष्ट सांगत बसतो आणि घेणारा ऐकत राहतो. दगड बदलता येतो, पुढची बाजू घासूनपुसून चकाचक करता येते. कड्याची आतली बाजू मात्र सहसा कुणी सजवत नाही, त्यामुळे खरी माहिती तिथेच सापडते.

अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेल्या नवाहो नेशनच्या कारागिरांनी घडवलेली ही उघड्या तोंडाची कडी. फिनिक्स किंवा अल्बुकर्कीत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना ती गॅलपच्या दुकानांत, सांता फेच्या बाजारात नाहीतर एखाद्या घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत भेटतात. भारतात बसून ऑनलाइन लिलावात बोली लावणारेही आहेत. दोघांनाही लागू पडणारा एकच नियम आधी सांगून टाकतो: कड्याचं वय त्यातल्या सगळ्यात जुन्या खुणेवरून नाही, सगळ्यात नव्या मूळ खुणेवरून ठरतं. दगड शंभर वर्षांपूर्वीचा आणि पत्रा १९५० चा असेल, तर कडं १९५० चं. पुढचं सगळं पारखणं याच नियमानं चालतं.

आधी एवढा इतिहास हवाच

चांदी कुठून आली हे कळलं की तारखा आपोआप लागतात. अत्सिदी सानी हा नवाहोंचा पहिला धातुकारागीर मानला जातो. मेक्सिकन लोहाराकडून तो आधी लोखंडकाम शिकला. १८६४ साली अमेरिकन सैन्यानं नवाहोंना त्यांच्या भूमीतून हाकलून न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेदोंदोच्या छावणीत डांबलं. १८६८ च्या तहानंतर ते घरी परतले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत चांदीकाम गावोगाव पसरलं. फिरोजा चांदीत बसवायला सुरुवात झाली ती १८८० च्या सुमारास, आणि तिचं श्रेय बहुधा अत्सिदी चोन या कारागिराला दिलं जातं. म्हणजे कुणी ‘१८६५ चं फिरोजाचं कडं’ म्हणून काही दाखवलं, तर पुढे ऐकण्याची गरज नाही.

चांदी यायची नाण्यांतून. आधी अमेरिकन डॉलर वितळवले जात. १८९० च्या सुमारास त्यावर सरकारी बंदीचा बडगा आल्यावर मेक्सिकन पेसो वापरात आले, आणि ते १९३० च्या आसपासपर्यंत चालले. पुढे शुद्धीकरण कारखान्यांतून एक औंसाचे चौकोनी तुकडे आणि तयार पत्रा मिळू लागला. अमेरिकन डॉलरमध्ये ९० टक्के चांदी, पेसोत ९०.३ टक्के, उरलेलं तांबं. स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पायरी पहिली: पाठ वाचणे

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीतला उजेड. मोबाइलचा फ्लॅश नको, त्यात ओरखडे आणि ठोके दोन्ही सपाट दिसतात.

नाणी मुशीत वितळवून कांडी ओतायची, मग ती ऐरणीवर ठोकत, मधून मधून तापवत पट्टी करायची, अशी जुनी पद्धत. अशा पट्टीची जाडी सगळीकडे सारखी येत नाही. मध्ये जाड, टोकांकडे पातळ, किंवा एका कडेला हलकासा फुगवटा. आतल्या बाजूला बारीक खड्डे दिसतात, कधी एखादी केसासारखी रेघ दिसते, जिथे ठोकताना धातू स्वतःवरच दुमडला गेला. नवशिक्याला हे दोष वाटतात. खरं तर हीच तुम्हाला हवी असलेली खूण.

कारखान्याचा पत्रा एकसारख्या जाडीचा असतो. व्हर्निअर असेल तर चार-पाच ठिकाणी मोजून बघा. सगळीकडे तंतोतंत तोच आकडा आला, तर कडं बहुधा १९३० नंतरचं. त्यामुळे ते वाईट ठरत नाही. १९४० च्या दशकातलं पत्र्याचं कामही उत्तम असू शकतं, फक्त त्याला १८९० ची किंमत द्यायची नाही.

कडेवर अंगठा फिरवा. अनेक वर्षं मनगटावर राहिलेल्या कड्याच्या कडा मऊ होतात, टोकं गोलसर होतात आणि आतली बाजू गुळगुळीत होते. रसायनानं मुद्दाम काळवंडलेल्या नव्या कड्यात काळेपणा सगळ्या खाचांत सारखा बसलेला असतो, आणि जिथे कातडी रोज घासली जायला हवी त्या आतल्या भागावरही तो तसाच राहतो. खरी काळोखी असमान असते: जिथे हात लागतो तिथे चांदी उघडी, जिथे लागत नाही तिथे गडद.

ओतीव कामाचा प्रकार वेगळा. मऊ दगडात आकार कोरून त्यात चांदी ओतायची आणि मग कानशीनं घासायची. तिथे पाठ खरबरीत राहणं स्वाभाविक आहे, ठोक्यांच्या खुणा तिथे शोधू नका.

पायरी दुसरी: ठसे, तारा, रवे

आता पुढची बाजू. नक्षीचे ठसे कारागीर स्वतः बनवत, मोडक्या लोखंडातून, कानशींच्या तुकड्यांतून. त्यांतले बरेच आकार मेक्सिकन चामडेकामातल्या ठशांवरून घेतलेले. हातानं एकेक ठोका मारला की खोली कमी-जास्त होते, दोन ठशांमधलं अंतर किंचित चुकतं, एखादा ठसा तिरका पडतो. यंत्राच्या दाबानं उठवलेल्या नक्षीत हे काहीच नसतं. तिथे पाठीवर बघितलं तर पुढच्या उठावाची मऊ, उलटी छाप दिसते आणि डाव्या-उजव्या बाजू आरशातल्यासारख्या जुळतात.

पर्यटकांच्या कड्यांचा हा कारखाना कसा सुरू झाला ते जाणून घेण्यासारखं आहे. सांता फे रेल्वेलगत हॉटेलं आणि खानावळी चालवणाऱ्या फ्रेड हार्वे कंपनीनं १८९९ पासून हलकी कडी बनवून घ्यायला सुरुवात केली. कंपनीचे हर्मन श्वाइत्झर कापून तयार केलेला फिरोजा आणि चांदी व्यापाऱ्यांकडे पाठवत आणि कारागिरांकडून स्वस्त, हलकं काम करून घेत. नवाहो लोक स्वतःसाठी घालत ती कडी वजनदार. रेल्वेतल्या बाईला गाडी सुटायच्या आत परवडेल असं काहीतरी हवं होतं. पुढे अल्बुकर्की आणि डेन्व्हरमध्ये ही कडी सरळ यंत्रावर निघू लागली आणि १९३० च्या दशकात ‘हस्तकाम’ या शब्दावरून सरकारी खटलेही झाले.

या हलक्या कड्यांवर बाण, गरुडपक्षी, सर्प, विजेच्या रेघा असतात. त्यांचे अर्थ सांगणारे तक्ते आजही दुकानांत लटकतात: बाण म्हणजे संरक्षण, अमुक म्हणजे आनंद. ते अर्थ प्रामुख्यानं विक्रीसाठी जुळवलेले. त्यांच्यासाठी एक डॉलरही जास्त मोजू नका.

एक चिन्ह मात्र तारखेसाठी उपयोगी आहे. मराठी नजरेला ते लगेच स्वस्तिक वाटेल. नवाहोंकडे ते फिरत्या ओंडक्यांचं चिन्ह, त्यांच्या उपचारविधींतल्या वाळूचित्रांशी जोडलेलं. नाझी जर्मनीनं त्या आकाराला जे केलं त्याच्या निषेधार्थ १९४० च्या फेब्रुवारीत नवाहो, होपी, अपाची आणि पापागो प्रतिनिधींनी ते आपल्या कलावस्तूंत न वापरण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यामुळे हे चिन्ह असलेलं खरं जुनं कडं बहुधा त्याआधीचं. अलीकडे नकली माल बनवणाऱ्यांनाही ही गोष्ट कळलेली आहे, म्हणून चिन्ह दिसलं तरी पाठ पुन्हा एकदा तपासायची.

तारा बघा. जुन्या कामात चौकोनी तार पीळ देऊन वापरलेली दिसते, तिचा पीळ कुठे घट्ट कुठे सैल. बाजारातली तयार पिळाची तार बारीक आणि एकसारखी असते. दगडाभोवतीचे चांदीचे रवेही असेच: हातानं केलेले लहान-मोठे, विकत आणलेले सगळे एका मापाचे.

नवाहो की झुनी, हा प्रश्नही इथेच येतो. ढोबळमानानं नवाहो कामात चांदी मुख्य आणि दगड तिच्यावर खुलतो. शेजारच्या झुनी पुएब्लोच्या कामात दगड मुख्य असतो, सुईच्या टोकाएवढे डझनावारी तुकडे ओळीनं बसवलेले. चांदीकाम झुनींकडे नवाहोंकडूनच गेलं, त्यामुळे सुरुवातीच्या कामात हा फरक पुसट आहे. व्यापारी झुनींकडून घडवलेले दगड नवाहो सोनाराच्या चांदीत बसवून घेत असत, तेव्हा ‘शंभर टक्के नवाहो’ असा हट्टही फार धरू नये.

पायरी तिसरी: कोंदण आणि फिरोजा

दगड बघण्याआधी त्याचं कोंदण बघा. जुनं कोंदण जाड, थोडं उंच, हातानं कानस मारून दगडावर दाबलेलं. कधी कडेला करवतीसारखे दाते, तेही असमान. पातळ, एकसारख्या कातरीची तयार पट्टी नंतरची. कोंदणाभोवती ताज्या झाळीचा उजळ पट्टा दिसला, किंवा एकाच कोंदणाचा रंग बाकीच्यांहून वेगळा असला, तर दगड बदललेला आहे. बदललेला दगड लपवलेला नसेल तर तो काही गुन्हा नाही, किंमत मात्र कमी व्हायला हवी.

फिरोजा म्हणजे तांबं आणि अॅल्युमिनियमचं पाणीदार फॉस्फेट. कठीणपणा मोह्सच्या १ ते १० या मापावर ५ ते ६, म्हणजे काचेच्या आसपास. मुख्य गोष्ट अशी की तो सच्छिद्र आहे. अंगाचं तेल, घाम, साबण शोषून तो वर्षानुवर्षांत निळ्याचा हिरवट होतो. म्हणून १९०० च्या म्हणवणाऱ्या, भरपूर झिजलेल्या कड्यात अंड्याच्या कवचासारखा निर्मळ, एकसारखा आकाशी दगड दिसला तर थांबा. दगडाच्या पृष्ठभागावरही झीज हवी: बारीक चरे, बोथट कडा, थोडी गेलेली झिलई. चांदी झिजली आणि दगड कोरा राहिला, असं एका मनगटावर होत नाही.

सुरुवातीच्या काळात दगड मिळणं अवघड होतं. जुन्या माळांचे मणी आणि कानातले लोलकच कोंदणात बसवले जात. एखाद्या दगडाला आरपार छिद्र किंवा छिद्राची अर्धी खाच दिसली तर नाराज होऊ नका, तो शुभशकुन आहे. १८९० च्या दशकात अॅरिझोनातल्या गनाडोचा व्यापारी लोरेन्झो हबेल इराणी फिरोजा मागवून कारागिरांना देत असे, म्हणून ‘अमेरिकन दगड नाही म्हणजे नकली’ हा तर्कही चालत नाही.

खाणींची नावं विक्रेते मुक्तपणे उधळतात. न्यू मेक्सिकोतली सेरियोस ही युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासूनची खाण, अॅरिझोनातल्या किंगमन, मोरेन्सी, बिस्बी, ग्लोबजवळची स्लीपिंग ब्यूटी, नेवाडातल्या लोन माउंटन, नंबर एट. लँडर ब्लू हा नेवाडातला, १९७३ मध्ये सापडलेला, अत्यंत थोडा निघालेला दगड. ‘१९२० चं कडं, लँडर ब्लू दगड’ हे वाक्य स्वतःचंच खंडन करतं. एरवी नुसत्या डोळ्यांनी खाण ओळखल्याचा दावा मी तरी मनावर घेत नाही.

नकली आणि सुधारित दगडांबद्दल थोडक्यात. मऊ फिरोजात राळ भरून तो घट्ट करण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून रुळली, असा दगड खराच असतो, पण जुन्या कड्यात त्याचं मूळ स्थान नाही. हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट या पांढऱ्या खनिजांना निळा रंग दिलेला माल सर्रास मिळतो. भिंगातून बघितलं की रंग भेगांत साचलेला दिसतो. शिवाय प्लास्टिकचे ठोकळे आहेतच. तापलेली सुई टोचून वास घेण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या कड्यावर तो करू नका, स्वतःच्या कड्यावर तर अजिबात करू नका.

पायरी चौथी: वजन आणि कस

साधा डिजिटल वजनकाटा पुरे. एका पेसोचं वजन साधारण २७ ग्रॅम, तेव्हा ८० ग्रॅमचं कडं म्हणजे तीनेक नाणी. वजन जास्त म्हणजे वय जास्त, असं नाही. १९७० च्या दशकात या दागिन्यांची लाट आली तेव्हाही भलीमोठी, जड कडी निघाली.

लोहचुंबक चिकटला तर विषय संपला. न चिकटला म्हणून चांदी सिद्ध होत नाही, कारण जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदीचा अंशही नाही आणि चुंबकही धरत नाही. सोनाराकडे कसोटीच्या दगडावर तेजाब लावून चांदी आहे की नाही हे कळेल, ९० की ९२.५ हे नीट कळणार नाही. भारतात असाल तर शहरातल्या हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरणाच्या यंत्रावर तपासून घ्या, त्यात ओरखडाही पडत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: ते यंत्र पृष्ठभाग वाचतं. तापवून आम्लात बुडवलेल्या चांदीच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, म्हणून नाण्याच्या चांदीचा आकडा वर थोडा चढा येऊ शकतो. झिजलेल्या कडेवर आणि पाठीवर अशा दोन-तीन जागी वाचन घ्यायला सांगा.

पायरी पाचवी: शिक्के आणि विक्रेत्याचे शब्द

बहुतेक जुन्या कड्यांवर काहीच शिक्का नसतो. ‘स्टर्लिंग’ हा शिक्का १९३० नंतर वाढत गेला, ‘९२५’ असेल तर आणखी अलीकडचा काळ धरा. कारागिरानं स्वतःची निशाणी उमटवण्याची पद्धत सर्वत्र पसरली ती १९७० च्या दशकात.

अपवाद एक, आणि तो सापडला तर जपून ठेवण्यासारखा: ‘यू. एस. नवाहो’ असा शिक्का आणि शेजारी क्रमांक. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सरकारच्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डानं १९३८ पासून काही वर्षं तो दिला. अटी कडक होत्या: हातानं घडवलेलं काम, हातानं बनवलेले ठसे, खरा फिरोजा. क्रमांक व्यापारी किंवा शाळेचा असे, कारागिराचा नव्हे. अटी पाळून पुरेसा माल निघेना म्हणून योजना लवकरच आटोपली.

‘ओल्ड पॉन’, म्हणजे जुना गहाणाचा माल, हे शब्द तुम्हाला शंभर वेळा ऐकू येतील. नवाहो कुटुंबं लोकर किंवा कोकरं विकली जाईपर्यंत किराण्याच्या उधारीपोटी दागिने व्यापाऱ्याकडे गहाण ठेवत. विधी-समारंभापुरते ते परतही नेत. सोडवले गेले नाहीत तर व्यापारी विकून टाके. गहाण पडणं हा कड्याच्या वयाचा पुरावा होत नाही, काल घडवलेलं कडंही आज गहाण पडू शकतं. जुनी चिठ्ठी अडकवलेली असली तरी चिठ्ठी आणि कडं वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेली असू शकतात.

कायद्याबद्दल एक बारकावा क्वचितच सांगितला जातो. १९९० च्या अमेरिकन कायद्यानुसार मूलनिवासींनी न बनवलेला माल त्यांचा म्हणून विकणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद. फिलिपीन्समध्ये बनवलेले दागिने नवाहो म्हणून विकल्याच्या प्रकरणात अल्बुकर्कीतल्या एका दुकानमालकाला २०१८ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. पण हा कायदा १९३५ नंतर बनलेल्या वस्तूंपुरता आहे. म्हणजे खऱ्या अर्थानं जुन्या कड्यासाठी तुमचं संरक्षण काय, तर पावती. तिच्यावर स्पष्ट लिहून घ्या: नवाहो काम, अंदाजे काळ, चांदीचा प्रकार, दगड नैसर्गिक की सुधारित, कोणती दुरुस्ती झाली आहे, आणि दावा खोटा निघाला तर पैसे परत. ‘नवाहो शैलीचं’ असं लिहून देणाऱ्यानं तुम्हाला उत्तर दिलेलंच आहे.

डोळा तयार करायचा तर सांता फेमधलं व्हीलराइट संग्रहालय आणि फिनिक्समधलं हर्ड संग्रहालय, दोन्ही खरेदीच्या आधी बघा, नंतर नाही.

माप आणि घालण्याची पद्धत

मऊ फीत कड्याच्या आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावा, मग मधली फट वेगळी मोजा. आत सव्वापाच इंच आणि फट सव्वा इंच म्हणजे एकूण साडेसहा. ऑनलाइन घेताना हे दोन्ही आकडे स्वतंत्र मागा. नुसतं ‘साडेसहा’ म्हणणारा कशाचं माप सांगतोय ते कळत नाही. रुंद कडं अरुंद कड्यापेक्षा घट्ट बसतं, तेव्हा पाव इंच जास्त धरा.

हे कडं फाकवून घालायचं नसतं. मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, जिथे हात कडेनं सर्वांत बारीक असतो, तिथे फटीचं एक टोक टेकवा आणि मनगट फिरवत दुसरं टोक सरकवून घ्या. दर वेळी फाकवलं की चांदी थकते, मधोमध तडा जातो, आणि त्याआधीच कोंदण उघडून दगड निसटतो. याच कारणासाठी सोनाराकडून ‘जरा मोठं’ करून घेऊ नका. माप बसत नसेल तर ते कडं तुमचं नाही.

स्वच्छता: आपल्या घरातले उपाय इथे बंद

चिंच, रिठा, रांगोळी, टूथपेस्ट, सोडा आणि अॅल्युमिनियमची फॉइल, चांदी उजळायचे आपले सगळे उपाय या कड्याला घातक आहेत. आम्ल आणि साबण सच्छिद्र दगडात शिरतात आणि त्याचा रंग कायमचा बिघडवतात. दुसरं कारण न दिसणारं आहे. दगड कोंदणात उंच बसावा म्हणून जुने कारागीर खाली लाकडाचा भुसा किंवा पुठ्ठा भरत. कडं पाण्यात बुडवलं की भुसा फुगतो, दगड वर ढकलला जातो, तडकतो किंवा सुटतो. चांदीचे बाटलीतले द्रव आणि अल्ट्रासॉनिक यंत्रही याच यादीत.

कोरडं सुती फडकं पुरे. फार वाटलं तर चांदीच्या पॉलिशचं कापड फक्त उंच भागांवर, दगडाला न लावता हलकेच फिरवा. खाचांतला काळेपणा काढायचा नाही. नक्षी त्याच्यामुळेच दिसते, आणि जाणकार ग्राहक त्याचेच पैसे देतो. अत्तर, सनस्क्रीन, हाताचं क्रीम लावून वाळल्यावरच कडं घालायचं, आणि भांडी घासताना उतरवायचं.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चांदी झरझर काळवंडते. मऊ सुती कापडात गुंडाळून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, सोबत गंजरोधक कागदाची पट्टी. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांपासून लांब, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. दुसऱ्या दागिन्यांच्या ढिगात टाकलं तर फिरोजावर चरे पडतात.

दुरुस्ती

आधी जुनी दुरुस्ती तपासा. पाठीवर करडा, मऊ, नखानं खरवडल्यासारखा दिसणारा धातू असेल तर ती कथलाची झाळ. तिच्यामुळे किंमत घटते, आणि पुढचं काम अवघड होतं, कारण कथील न काढता चांदी तापवली तर ते चांदीला खाऊन खड्डे पाडतं.

दगड हलत असेल तर कडं घालणं थांबवा आणि कोंदण नुसतं दाबून घट्ट होतं का ते जाणकाराकडून पाहून घ्या. तडा झाळायचा असेल तर दगड काढलाच पाहिजे, आचेनं फिरोजाचा रंग उडतो आणि तो फुटतोही. आपल्याकडच्या सोनाराला कडं देताना स्पष्ट सांगा, शक्य तर चिठ्ठीवर लिहून: उजाळा द्यायचा नाही, बफ लावायचा नाही, तेजाबात टाकायचं नाही, सुटलेला दगड फेकायचा नाही. कारागीर चांगला असला तरी सवयीनं हात बफकडे जातो, म्हणून काम शक्यतो समोर बसून करून घ्या. आणि देण्यापूर्वी पुढून, मागून, दोन्ही टोकांकडून आणि प्रत्येक कोंदणाचा जवळून असे फोटो काढून ठेवा. विमा उतरवताना आणि पुढे कधी विकताना हेच फोटो लागतात.